भिंतीकडच्या गाठी

दोराचं टोक दातांत धरून आक्काने गाठ आवळली, मान मागे झटकली आणि तोंडात आलेला काथ्या थुंकून टाकत खाली पाहिलं.

"मॅडम, टोपी आणलीत का स्वतःची?"

"आणलीय."

"मग या आत. परांचीखाली उभ्या राहूनच बोलू."

फाटकापाशी उभ्या असलेल्या विमावाल्या बाईने पिशवीतून पिवळी टोपी काढली, पट्टा हनुवटीखाली अडकवला, वाळूच्या ढिगाला वळसा घातला आणि बांबूंच्या सावलीत येऊन ती उभी राहिली. वर बघितलं. मग एका उभ्या वाशाला हात लावून तिने तो हलवून पाहिला. वासा जागचा हलला नाही.

आक्का वरून सगळं पाहत होती. मनातल्या मनात तिने अर्धा विमा तिथेच उतरवला.

याआधी दोघे विमावाले येऊन गेले होते. पहिला फाटकाबाहेरूनच बोलत राहिला. बुटांना चुना लागेल म्हणाला. दुसरा आत आला, पण बोलताना त्याचे डोळे सारखे वर जायचे आणि पाय सारखे मागे. "अगदी निर्धास्त राहा," असं तो चारदा म्हणाला आणि चारही वेळा एकेक पाऊल मागे सरकला. तो गेल्यावर आक्का नवऱ्याला म्हणाली होती, "माझ्या बांबूखाली उभं राहायची ज्याची छाती नाही, तो माझ्या बांबूची हमी काय घेणार?"

परांची बांधणं हा तिचा धंदा. नुसता धंदा म्हणजे तरी काय, तिच्या बापाने हातात दिलेला दोर होता तो. घर उभं राहायला लागलं की घराच्या अंगाभोवती आक्काचे वासे उभे राहत. उभ्याला आडवा, आडव्याला तिरपा, त्यावर फळ्या. गवंडी, रंगारी, सुतार, सगळे तिच्या फळ्यांवरून चालत. काम संपलं की सगळं सोडून हातगाडीवर चढायचं आणि घर असं उघडं पडायचं, जणू न्हाऊन नुकतंच बाहेर आलंय. मग लोक घराकडे बघत. परांचीची आठवण कुणाला येत नसे आणि आक्काला त्याचं काही वाटत नसे. मोठे वासे चढवायला ती दोन गडी बोलवायची, गाठी मात्र सगळ्या स्वतःच्या हातच्या. लहानपणी बापाने शिकवलं होतं ते गाठ मारताना अजून तिच्या ओठांवर यायचं:

एक फेरा भिंतीला, एक फेरा वाऱ्याला,
एक फेरा वर जाणाऱ्या दुसऱ्याच्या लेकराला.

आणि गाठ बसली की बाप वर म्हणायचा, "दुसऱ्याने मारलेल्या गाठीला आपलं नाव द्यायचं नाही, पोरी. सोडायची आणि आपली मारायची."

आक्का खाली उतरली. हात शर्टाला पुसत म्हणाली, "चला, आत बसू. चहा आलाच असेल."

खालच्या खोलीला अजून दारं नव्हती. सिमेंटच्या पोत्यांवर मिस्त्री बसला होता, म्हणजे तिचा नवरा. तो गिलावा करायचा. दोघांचे धंदे वेगळे, हिशेब वेगळे, डबा एक. त्याच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून रंगारी चहाचे पेले भरत होता. डोक्यापासून पायापर्यंत इतक्या रंगांचे शिंतोडे, की त्याला विचारावं तू कोणत्या घराचा, तर त्याला सांगता आलं नसतं.

मॅडमसाठी मिस्त्रीने घमेलं पालथं घातलं आणि वर रिकामं पोतं अंथरलं.

"बसा. आमच्याकडे एवढीच खुर्ची आहे."

"उत्तम आहे," म्हणत ती बसली. "ताई, घाई आहे म्हणालात फोनवर."

"आहे ना. पलीकडच्या रस्त्यावर शाळा बांधताहेत, चार मजली. परांची माझी, गिलावा यांचा. ठेकेदार म्हणतो, स्वतःच्या नावावर काम करणाऱ्या प्रत्येकाने विम्याचा कागद दाखवायचा, मगच पायरी चढायची. उद्या सकाळपर्यंत. नाहीतर तो पाइपवाल्यांना बोलावणार."

"लोखंडी पाइपवाले," रंगारीने खुलासा केला. "आक्कांच्या सवती."

"तू चहा ओत," आक्का म्हणाली.

पण तिचा आवाज क्षणभर बारीक झाला होता. चार मजले तिने आजवर बांधले नव्हते. रोज सकाळी ती त्या रिकाम्या खांबांकडे बघत यायची आणि मनातल्या मनात वासे लावायची. कुठला वासा कुठे टेकेल, वारा कुठून लागेल, इथपर्यंत तिचं ठरलं होतं. शिवाय पाइपवाले एकदा त्या शाळेत शिरले, की ठेकेदार पुढच्या कामांना बांबू विचारणार नाही, हेही तिला दिसत होतं.

मॅडमने पेला बाजूला ठेवला. "आधी एक सांगा. विमा कुणासाठी हवाय? तुम्ही पडलात तर तुम्हाला मिळणारा, की तुमच्या परांचीवरून दुसरं कुणी पडलं, तर त्याला मिळणारा?"

"दुसरा."

"जरा विचार करून..."

"केला. मी पडायची नाही."

"आक्का पडल्या तर जमीनच घाबरून बाजूला होईल," रंगारी म्हणाला.

मॅडम हसली, पण आपलं सोडलं नाही. "ताई, उद्या तुमचा पाय मुरगळला आणि महिनाभर घरी बसलात, तर तुम्हाला बसल्या जागी पगार द्यायला कुणी मालक आहे का? तुमच्या तुम्हीच मालक. म्हणून म्हणते, दोन्ही घ्या. हप्ता थोडा चढेल. पण एक पाय झाकून दुसरा उघडा टाकण्यात काय अर्थ आहे?"

हे बोलणं आक्काला पटलं. तिला पटलं की ती उगीच ताणत नसे. "बरं, दोन्ही. आणि दुसऱ्या विम्यात दुसरे म्हणजे कोण कोण?"

"तुमच्या परांचीवर चढेल तो प्रत्येक जण. हे दादा," तिने रंगारीकडे बोट दाखवलं, "सुतार, खालून जाणारा माणूस. कागदावर त्यांना तिऱ्हाईत म्हणतात."

"आणि हे?" आक्काने हनुवटीने नवऱ्याकडे दाखवलं.

"तिथेच तुम्हाला ठरवायचंय. दोघांचा मिळून एक धंदा दाखवला, तर हप्ता बराच कमी पडेल. पण मग मिस्त्री तुमच्या धंद्यातलेच झाले. तुमच्या परांचीवरून पडले, तर या विम्यातून त्यांना काही मिळणार नाही. धंदे वेगळे दाखवलेत, तर तेही तिऱ्हाईत. मग मिळेल."

मिस्त्रीने पेला खाली ठेवला. "म्हणजे नवरा म्हणून पडलो तर फुकट, आणि परका म्हणून पडलो तर भरपाई?"

"साधारण तसंच, दादा."

"हे लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नाही."

"वेगळे दाखवा," आक्का म्हणाली.

"अगं, इतकी वर्षं एका डब्यात जेवलो..."

"डब्यात जेवा की. कागदावर परके राहा. हाड मोडलं तर डॉक्टर पैसे मागेल, लग्नाचा फोटो नाही मागणार."

रंगारीला ठसका लागला. मिस्त्रीने त्याच्या पाठीत एक हलकी थाप दिली आणि हसू दाबत बायकोकडे पाहिलं. हिशेबात ही बाई आपल्याला कधी हरू देणार नाही, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. आक्का पेल्यात बघत राहिली. हप्ता दुप्पट झाला तरी चालेल, हा माणूस फळीवरून पडला तर कुणीतरी विचारायला हवं, एवढंच तिने धरलं होतं. तसं तोंडाने म्हणायची तिला सवय नव्हती.

"आता मी काही प्रश्न विचारणार," मॅडम म्हणाली. तिचा सूर थोडा बदलला. "याची उत्तरं जशी आहेत तशीच द्या. उद्या काही झालं, तर कंपनी पहिल्यांदा हीच काढून वाचते. एक जरी खोटं निघालं, तर सगळे हप्ते पाण्यात."

"विचारा."

"हाताला, पाठीला, गुडघ्याला जुनं दुखणं?"

"काही नाही."

उत्तर झटकन आलं. त्याच झटक्यात आक्काचा उजवा हात शर्टाच्या खिशात गेला. मिस्त्रीने त्या खिशाकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

गेल्या हिवाळ्यापासून तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला होता. सकाळी गार दोर हातात घेतला की सांध्यात निखारा ठेवल्यासारखं होई. आयुष्यभर आवळलेल्या गाठी तिथे येऊन साचल्या असाव्यात. म्हणून ती दोर दातांनी ओढायला लागली. परांचीवाले दात वापरतातच. कुणाच्या लक्षात येणार नाही, असं तिला वाटत होतं. घरी ती पीठ डाव्या हाताने मळायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, त्या हातालाही थोडी सवय नको का.

"परांची एकदा उभी राहिली," मॅडमने विचारलं, "की तुमच्याशिवाय तिच्या गाठी कुणी सोडतं का?"

आक्काने चहाचा एक घोट घेतला. 

परांची स्वतःच्या पायांवर उभी आहे असं खालून वाटतं, पण ती भिंतीचा हात धरून उभी असते. खिडकीच्या आत एक आडवा दांडा अडकवायचा, त्याला दोर बांधायचा आणि तो दोर बाहेरच्या वाशाला. असे हात प्रत्येक मजल्यावर. गिलावा करणारा खिडकीच्या कडेपर्यंत येतो, तेव्हा नेमका हा दोर त्याच्या थापीच्या आड येतो. मग तो गाठ सोडतो, कड ओढून घेतो आणि पुन्हा बांधतो. सगळेच गिलावेवाले असं करतात, सगळ्यांना ते ठाऊक असतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही.

मिस्त्रीही करायचा. आणि रोज दिवस कलला की आक्का "दोर बघून येते" म्हणून वर जायची आणि नवऱ्याने मारलेली प्रत्येक गाठ सोडून आपली मारायची. त्याचा अपमान म्हणून नव्हे. बापाने सांगितलं होतं म्हणून. तेव्हा त्याच्या गाठी लोखंडासारख्या असत. सोडता सोडता ती त्याच्या नावाने पुटपुटायची. पण गेल्या हिवाळ्यात काहीतरी बदललं. त्याची गाठ हात लावताच सुटायला लागली. दोन सैल फेरे आणि वरून टोक खोचलेलं, जशी मुलं दप्तराची नाडी बांधतात. पहिल्यांदा तिला राग आला. दुसऱ्यांदा ती फळीवर तशीच उभी राहिली. नवऱ्याचे हात जायला लागले, हे तिला त्या दिवशी कळलं. ज्या हातांची थापी भिंतीवरून पाण्यासारखी जायची, त्या हातांतला जोर ओसरत होता आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता. घरी जाताना तो नेहमीसारखा म्हणाला, "सगळ्या बांधल्यात बरं का मी." ती म्हणाली, "हो, बघितल्या."

तेव्हापासून तिने हे कुणाला कळू दिलं नव्हतं. गिलावेवाल्याचे हात गेले अशी कुजबुज एका फळीवर झाली, की शेवटच्या फळीपर्यंत पोचते आणि मग त्याला कुणी भिंत देत नाही.

"ताई?"

"नाही," आक्का म्हणाली. "माझ्या गाठीला कुणी हात लावत नाही."

मॅडम अर्जावर लिहिता लिहिता थांबली. बसल्या जागेवरून तिला समोरची, आतल्या जिन्यावरची खिडकी दिसत होती. ती थोडा वेळ तिकडेच बघत राहिली.

"त्या खिडकीची कड अजून ओली आहे," ती हळू म्हणाली. "आजच झालेली दिसते. दोर तर बरोबर तिच्यावरून गेलाय. दोर तिथेच असता, तर त्याच्या खालचा गिलावा कसा झाला असता?"

तिच्या बोलण्यात पकडल्याचा आनंद नव्हता. तिला फक्त उत्तर हवं होतं.

आक्काच्या मनात एकदम चार-पाच उत्तरं आली. सकाळी मीच सोडली होती. गड्याने सोडली असेल. यातलं एखादं पुढे करावं म्हणून तिने तोंड उघडलं, तोच मिस्त्री म्हणाला, "मी सोडतो, मॅडम. मीच बांधतो."

"बांधतात ते," आक्का घाईने म्हणाली. "चांगली बांधतात."

"चांगली कुठली," मिस्त्री म्हणाला. "सैल बांधतो. मुद्दामच."

आक्काने मान वळवली.

"मुद्दाम?"

"मग? तू संध्याकाळी येऊन सगळ्या सोडणारच. इतक्या वर्षांत माझी एक तरी गाठ ठेवलीस का?" तो रागावला नव्हता. घरातली साधी गोष्ट सांगावी तसं सांगत होता. "मागच्या हिवाळ्यात दुसऱ्या मजल्यावर माझ्या एका गाठीशी झटत होतीस. खाली उभा राहून बघत होतो मी. दातांनी ओढलीस, खिळ्याने उचकटलीस, मग अंगठा तोंडात धरून बसलीस. मला वाटलं, हिला सांगावं तर ही कबूल व्हायची नाही. मग दुसऱ्या दिवसापासून दोर नुसता टेकवून ठेवायला लागलो. म्हटलं, सोडायला तरी सोपं जाईल."

 खिशातला हात आक्काने बाहेर काढला, पुन्हा आत घातला.

"मला वाटलं, तुमचे हात गेले."

"माझे?"

मिस्त्रीने दोन्ही पंजे समोर धरून पाहिले. चुन्याने फाटलेले, रुंद, जिवंत पंजे. मग तो मोठ्याने हसला आणि त्या हसण्यात काय ऐकू आलं कुणास ठाऊक, आक्काचे डोळे भरले आणि तीही हसायला लागली. एवढे दिवस ती याच्या हातांवर पांघरूण घालत होती आणि हा तिच्या अंगठ्यावर. दोघं एकाच डब्यात जेवत होती.

"मला वाटायचं," रंगारी म्हणाला, "एक गाठ नवऱ्याची, वर एक बायकोची, म्हणजे आमची परांची डबल पक्की."

मॅडम तेवढी हसली नाही. हसू ओसरेपर्यंत ती थांबली आणि मग तिने विचारलं, "आणि मधल्या वेळात?"

"कसल्या मधल्या?"

"दादा सकाळी सैल बांधतात. ताई संध्याकाळी येऊन घट्ट करतात. मधल्या वेळात वर कोण असतं?"

 मिस्त्रीचे पंजे अजून समोरच होते. ते त्याने सावकाश मांडीवर ठेवले. रंगारीने हातातला पेला फरशीवर ठेवला, इतक्या हळू की आवाज झाला नाही.

"मी असतो," तो म्हणाला. "सगळ्यात वरच्या फळीवर."



आक्का उठली. "तू वर जायचं नाहीस," ती त्याला म्हणाली. "मी सांगेपर्यंत जमिनीवर राहा." आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "चला."

दोघं वर गेली. रंगारी आणि विमावाली बाई खाली अंगणात माना वर करून उभी राहिली. सकाळपासून सोडलेल्या सगळ्या गाठी मिस्त्री बोटाने दाखवत होता. ही एक, ती कोपऱ्यावरची, ती जिन्यावरची. आक्का प्रत्येक गाठीपाशी थांबायची, दोर हातात घ्यायची. जिन्यावरच्या खिडकीपाशी दोर तिच्या नुसत्या बोटाने निघून आला. त्या दोराच्या भरवशावर तीन फळ्या वर रंगारी अख्खी सकाळ गाणं म्हणत होता. आक्काने भिंतीला पाठ लावली आणि थोडा वेळ दोर तसाच धरून ठेवला. तिच्या परांचीवरून आजवर कुणी पडलं नव्हतं. त्या गोष्टीचा तिला गर्व होता. आज पहिल्यांदा तो गर्व तिला जड लागला.

"द्या," मिस्त्री म्हणाला.

"मी मारते."

"अंगठ्याने?"

तिने दोर त्याच्या हातात दिला.

खाली आल्यावर ती पोत्यावर बसली नाही. उभ्या उभ्याच मॅडमला म्हणाली, "लिहा. गाठी गिलावेवाला सोडतो आणि बांधतो. आणि उजव्या अंगठ्याला जुनं दुखणं आहे."

"ताई, मग कंपनी अंगठा विम्यातून वगळेल."

"वगळू दे. अंगठा सोडून बाकीची मी तर आहे ना?"

"आहात. पण परांचीचं मात्र तपासणाऱ्या माणसाने येऊन बघावं लागेल. आजच्या आज व्हायचं नाही. उद्या सकाळी कागद तुमच्या हातात नसेल." ती थांबली. "मघाचंच उत्तर ठेवलं असतं, तर असता. पण तो कागद तुमच्या काही कामाचा नव्हता, हे मीच सांगितलं असतं तुम्हाला."

"ते कळलं," आक्का म्हणाली. "त्या कागदावर हा रंगारी पडला असता, तर तुमच्या कंपनीने हात वर केले असते आणि मी तोंड लपवलं असतं."

"माझं काय झालं असतं, ते कुणी विचारतच नाही," रंगारी म्हणाला. त्याचा आवाज परत ताळ्यावर येत होता.

आक्काने फोन काढला आणि ठेकेदाराला लावला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलत होती. तिला हळू बोलता येतच नसे.

"मालक, विमा ठरलाय. माझाही, मिस्त्रींचाही. पण कागद उद्या नाही येणार, परांची तपासायला माणूस येऊन गेला की येईल. हो, ऐकते. बोलवा ना पाइपवाल्यांना, मी कुठे नाही म्हणते? फक्त त्यांना एक विचारा. खिडकीची कड करताना तुमचा बांध कोण सोडतं आणि परत कोण घट्ट करतं? काय म्हणतात ते मलाही सांगा, कारण मला आज सकाळपर्यंत त्याचं उत्तर येत नव्हतं. आता येतं. बरं. हो. ठेवते."

तिने फोन खिशात टाकला.

"काय म्हणाला?" मिस्त्रीने विचारलं.

"म्हणाला, आठवडाभर थांबतो, पण त्यापुढे एक दिवस नाही."

"हो म्हणाला?"

"नाही म्हणाला नाही."

मॅडमने टोपी काढून पिशवीत ठेवली. "तपासणारे विचारतील, यापुढे काय नियम पाळणार. काय लिहू?"

आक्का सांगायला लागली. जो गाठ सोडेल, त्यानेच फळीवरून उतरायच्या आधी ती घट्ट बांधायची. बांधेपर्यंत वरच्या फळ्यांवर कुणी राहायचं नाही. दिवसाकाठी परांचीवाल्याने सगळ्या गाठी बघायच्या.

"नुसत्या बघायच्या?" मॅडमने विचारलं. "चांगली असेल तर सोडायची नाही?"

आक्का अडखळली. डोळ्यांसमोर बाप आला असावा, कारण ती पदर नसताना खांद्यावर पदर सारखा करायला गेली. मिस्त्री भिंतीकडे बघत होता. या उत्तरात त्याचा काही वाटा नाही, असा चेहरा करून.

"नाही," ती म्हणाली. "चांगली असेल तर सोडायची नाही."

संध्याकाळी रंगारी आणि गडी गेल्यावर मिस्त्रीने हौदावर थापी धुतली, हातपाय धुतले. आक्का वर गेली. ऊन फळ्यांच्या फटींतून तिरपं खाली गळत होतं आणि नव्या गिलाव्याचा ओला, थंड वास भिंतीभर होता. दुपारनंतर त्याने मागच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या पुऱ्या केल्या होत्या. पहिल्या खिडकीपाशी ती वाकली. दोर वाशात रुतून बसला होता. तिने बोट घालायचा प्रयत्न केला, गेलं नाही. नखाने टोक उचकटून पाहिलं, हललं नाही. दोन्ही हातांनी वासा धरून हिसका दिला; भिंत हलली असती तर तो हलला असता. मग नेहमीच्या सवयीने तिचं तोंड दोराकडे गेलं, दात लागणार तोच ती थांबली. सरळ झाली. पुढच्या खिडकीकडे गेली, मग त्याच्या पुढच्या.

शेवटच्या खिडकीपाशी ती फळीवर बसली. पाय खाली सोडले. उजवा हात त्या गाठीवर तसाच ठेवला.

खालून हाक आली. "काय गं? सैल आहे का?"

"बघतेय."

"किती वेळ?"

"बघू द्या ना जरा."

 मिस्त्रीने घमेलं ओढून पालथं घातलं आणि वर बघत त्याच्यावर बसून राहिला.